आजारी पडण्याची नोकरी

माझ्या नवऱ्याला आजारी पडण्याचा पगार मिळतो. चेष्टा नाही, त्याच्या ओळखपत्रावर जरा सभ्य भाषेत हेच छापलेलं आहे. वैद्यकीय कॉलेजातल्या मुलांना पेशंटशी बोलायचा सराव लागतो, आणि खऱ्या पेशंटला एकामागून एक पोरांनी येऊन ‘कुठे दुखतंय’ विचारलं तर तो चिडतो. म्हणून कॉलेज माझ्या नवऱ्याला बोलावतं. तो हिरवा गाउन घालून खाटेवर आडवा होतो आणि ठरल्याप्रमाणे कण्हतो. काय झालंय, कधीपासून, घरात आधी कुणाला होतं, सगळं पाठ असतं. या पाठांतराला ते लोक ‘केस’ म्हणतात. सोमवारी अपेंडिक्स, मंगळवारी मूतखडा, बुधवारी छातीत कळ. शेवटी तो उठून बसतो आणि मुलांना सांगतो की त्यांनी काय बरोबर विचारलं, काय राहिलं आणि कोणाचे हात फार गार होते.

मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो, आणि दिवसभर त्या ब्रेकवर उभी राहून मी अर्ध्या गावाचा जीव वाचवते. घरी आले की दारातच विचारते, ‘आज काय होतं?’ तो सांगतो, ‘कावीळ.’ मी विचारते, ‘गेली?’ तो म्हणतो, ‘चार वाजता.’ असा आमचा संसार छान चालला होता.

छान म्हणजे, घरमालकाचं कपाट सोडून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. झोपायच्या खोलीत मालकाचं लोखंडी कपाट आहे, त्याला त्याचं कुलूप, आणि आमच्या दाराची एक किल्ली त्याच्या खिशात. मनात आलं की तो येतो. ‘चालू द्या तुमचं, चालू द्या,’ म्हणत आत शिरतो, कपाटातून एखादा पाना नाहीतर स्वेटर काढतो आणि जातो. एकदा मी अंघोळ करून बाहेर आले तर हा गृहस्थ माझ्या पलंगावर बसून त्याचे जुने फोटो बघत होता. वर मलाच म्हणाला, ‘केस पुसा, सर्दी होईल.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या दाराची किल्ली फक्त आमच्याजवळ असेल असं घर घ्यायचं, कितीही लहान असलं तरी चालेल, हे मी त्याच क्षणी टॉवेल धरून ठरवलं.

आणि तसं घर मिळालंसुद्धा. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्यांची मांजर दिसायची. न्हाणीघराच्या फरशीला एक तडा होता, तो मला आत्तापासूनच आपला वाटायला लागला होता. घर विकणाऱ्या आजी त्यांच्या मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना आवडलो होतो, पण दुसरं एक जोडपं सगळे पैसे रोख घेऊन त्यांच्या मागे लागलं होतं. ‘तुमच्यासाठी मी शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबते,’ आजी म्हणाल्या. ‘पुढे नाही हो जमायचं.’

कर्ज बँकेने मंजूर केलं. बँकेतल्या बाई केसांत पेन खोचून बसायच्या आणि दुसरं पेन शोधत राहायच्या. त्या म्हणाल्या, ‘एवढा एक आयुर्विमा काढा की झालं. उद्या तुमच्या मिस्टरांना काही झालं तर कर्ज कोण फेडणार?’

‘मी,’ मी म्हणाले.

‘तुम्ही फेडालच हो. पण बँकेला असं चालत नाही.’

नवऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला, माझी कमाई शिकायला येणाऱ्यांच्या मर्जीवर, म्हणून विमा त्याच्या नावाने काढायचं ठरलं. माणूस ठणठणीत आहे. रोज सकाळी चालतो, विडी-काडीला शिवत नाही, लग्न झाल्यापासून खराखुरा ताप आलेला मला आठवत नाही. विमा कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी होती, तीही बुधवारी. बुधवारी! तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मी खालीच थांबले. तो चांगला तासाभराने आला. चेहरा असा खुललेला की माझा जीव भांड्यात पडला.

‘मस्त झालं,’ पट्टा लावता लावता तो म्हणाला. ‘फार हुशार मुलगी आहे ती डॉक्टर. एकही प्रश्न चुकला नाही तिचा.’

‘कुठला प्रश्न?’

‘कळ डाव्या हातात उतरते का, जिना चढताना धाप लागते का, घाम सुटतो का. मी स्वतःहून काही सांगितलं नाही हं. तिने सगळं काढून घेतलं.’

मी चावी फिरवायची थांबले. ‘आणि तू काय सांगितलंस?’

‘काय म्हणजे? जे आहे ते.’ मग जरा वेळाने त्याचा चेहरा उतरू लागला. ‘म्हणजे... केसमध्ये जे आहे ते.’

घडलं होतं ते असं. त्या बिचारीने पांढरा कोट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप. तिने खुर्चीकडे हात केला आणि सवयीने विचारलं, ‘हं, काय होतंय?’ आणि झालं! इतकी वर्षं पांढऱ्या कोटाने ‘काय होतंय’ विचारलं की या माणसाचा हात आपोआप छातीवर जातो. त्याला कुणी मुद्दाम खोटं बोल म्हटलं तर त्याचे कान लाल होतात, पण हे खोटं बोलणं नाही, हे काम आहे. त्याने छाती धरली, ओठ चावला, अर्ध्या वाक्यात थांबून श्वास घेतला. जाताना तिला शाबासकीही देऊन आला. ‘नजरेला नजर देऊन बोलता, छान आहे,’ तो तिला म्हणाला होता, ‘फक्त वाईट बातमी देताना घड्याळाकडे बघू नका.’

मी गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजला आणि समोरच्या माणसाने मला शिवी दिली.

गुरुवारी सकाळीच कंपनीतून फोन. विमा नाकारला. फोनवरचा मुलगा फार हळुवारपणे बोलत होता, जणू मी आत्ताच विधवा झाले आहे. ‘मॅडम, सरांच्या छातीत कळ येते. सरांना एक मजला चढवत नाही.’

‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो,’ मी ओरडले. ‘तो गॅसचं सिलिंडर खांद्यावरून आणतो!’

‘शिवाय सरांचे वडील पंचेचाळिसाव्या वर्षीच झटक्याने गेले.’

सरांचे वडील म्हणजे माझे सासरे त्या वेळी आमच्याच घरी बसून पावाला लोणी लावत होते. ते पोहायला शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण अजून रोज सकाळी तलावात जातात आणि येताना आमच्याकडे येऊन खातात. मी फोन ठेवून त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी लोणी लावायचं थांबवलं नाही.

‘मी गेलो कधी म्हणालीस?’

‘पंचेचाळिसाव्या वर्षी, बाबा.’

‘मग याच्या लग्नात जेवलं कोण?’ त्यांनी मुलाकडे पाहिलं. ‘काय रे, मला मारायला तुला दुसरं कुणी सापडलं नाही का?’

‘बाबा, तुम्ही नाही, केसमधले वडील,’ नवरा काकुळतीला आला होता.

‘केसमधल्या वडिलांनी तुझी फी भरली होती का? मी येतो तिथे. बघू दे की त्यांना मला.’

मी कंपनीत इतके फोन केले की शेवटी त्यांनी हात टेकले. शुक्रवारी सकाळी त्यांचे मोठे डॉक्टर स्वतः पुन्हा तपासतील असं ठरलं. माझ्या हातात एक दिवस होता आणि तेवढ्यात मला या माणसाला धडधाकट करायचं होतं.

मी ज्यांना शिकवते ते लोक पहिल्या दिवशी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात, त्यामुळे मला वाटलं हे काय कठीण आहे. मी सासऱ्यांच्या अंगावर नवऱ्याचा पांढरा शर्ट चढवला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, ‘विचारा.’

‘काय होतंय?’ सासरे म्हणाले.

नवऱ्याचा हात छातीकडे निघाला. मी तो वाटेतच धरला.

‘म्हण, काही नाही.’

‘काही नाही,’ तो म्हणाला आणि इतका केविलवाणा हसला की सासऱ्यांनी पटकन त्याची नाडी धरली. मग आम्ही पुन्हा केलं. या खेपेला तो इतका उत्साही झाला की उभा राहून त्याने दोन्ही हात वर केले, जागच्या जागी उड्या मारल्या आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी मारली. ‘हा तर नशेत वाटतो,’ सासरे म्हणाले.

‘मला या माणसाचं कारणच कळत नाही,’ नवरा वैतागून म्हणाला. ‘याला काही झालेलं नाही, तर हा दवाखान्यात आलाच कशाला?’

‘घर घ्यायला आलाय तो!’ मी किंचाळले. ‘तुझ्या बायकोला केस पुसायला लावणाऱ्या माणसापासून सुटायला आलाय!’

तो खाली बसला. मग हळूच म्हणाला, ‘काही नाही म्हणणारा एक पेशंट मी करतो म्हणा. सगळ्यात अवघड केस आहे. मुलं तिच्यातच नापास होतात.’

‘मग तो कर.’

‘तो नको,’ तो म्हणाला. ‘तो बरा नसतो.’

शुक्रवारी आम्ही तिघेही डॉक्टरांच्या खोलीत घुसलो. मी मध्ये, नवरा एका बाजूला, सासरे दुसऱ्या बाजूला, पोहून आलेले, ओले केस, खांद्यावर टॉवेल. ते बसलेसुद्धा नाहीत. ‘मी याचा मेलेला बाप,’ असं म्हणून त्यांनी डॉक्टरांशी हात मिळवला.

डॉक्टर तसे तरुणच होते, डोक्यावरचे केस मात्र घाईने गेले होते. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि खुर्चीतून अर्धवट उठले.

‘अरे! तुम्ही? तुम्ही तर आमचे पेशंट!’ ते खो खो हसायला लागले. ‘काका, शेवटच्या परीक्षेत मला घाम फोडला होता तुम्ही. आणि परवा आमच्या पोरीला छातीची केस देऊन गेलात? ती दोन दिवस तुमच्यासाठी हळहळतेय हो!’

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी नवऱ्याला तपासलं, ‘काय होतंय’ न विचारता. छाती उत्तम, दाब उत्तम. मी मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावून टाकला. आणि मग डॉक्टरांनी कंपनीत फोन लावला आणि त्यांचा चेहरा पडला. एकदा स्वतःच्या तोंडाने छातीत दुखतं म्हणून सांगितलं की सहा महिने नवा अर्ज घेत नाहीत. पेशंट खोटा होता, हे लिहायला कंपनीच्या अर्जात जागाच नव्हती.

‘सहा महिने!’ सासरे म्हणाले. ‘तोवर मी खरंच जाईन.’

मी तिथूनच बँकेतल्या बाईंना फोन लावला. माझा आवाज चढला होता. त्यांनी पेन शोधत शोधत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग तुमच्या नावाने काढा ना. तुमची कमाई धरलीच आहे आपण अर्जात. आज तपासणी झाली तर आज करून देते.’ एवढी साधी गोष्ट! मी नवऱ्याला बाजूला सारलं आणि त्याच्या खुर्चीत बसले. ‘घ्या, मला तपासा,’ मी डॉक्टरांना म्हणाले. ‘पण लवकर करा, साडेअकराला माझी शिकवणी आहे.’

‘बरं,’ ते म्हणाले. ‘काय होतंय?’

‘मला? मला काय धाड भरलीये? काही नाही.’

डॉक्टर काही लिहीनात. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते, पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, आणि डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे बघत होता.

‘पर्ससुद्धा,’ डॉक्टर हळूच म्हणाले. ‘काका, परीक्षेत तुम्ही मांडीवर पिशवी घेऊन असेच बसला होता. ‘मला काय धाड भरलीये, लवकर करा.’ मी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि घरी पाठवलं. नापास झालो.’

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी उभीच राहिले. ‘म्हणजे इतकी वर्षं तू कॉलेजात मी होऊन झोपतोस? मला न विचारता?’

‘झोपत नाही,’ नवरा म्हणाला. ‘बसतो. तू कधी झोपतेस?’

‘आणि काय आजार देतोस मला?’

त्याने एकदा डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘सकाळी उठलीस की मानेमागे दाबून धरतेस, मी बघत नाही असं तुला वाटतं तेव्हा. दुसऱ्या मजल्यावर थांबतेस आणि पर्समध्ये किल्ल्या शोधतेस. किल्ल्या तर तुझ्या हातात असतात. मध्ये ते दोन दिवस तुला रस्त्यावरचे बोर्ड नीट दिसेनात, तू म्हणालीस काच घाण आहे, आणि काच मी पुसली होती. विचारलं की काही नाही म्हणतेस. ओरडतेस. मग मी मुलांना शिकवायला घेतलं. म्हटलं, एवढी पोरं दर वर्षी बाहेर पडतात, त्यातलं कुणीतरी एक कधीतरी तुझ्यासमोर बसेल आणि तुला नीट विचारेल.’

सासऱ्यांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि केस पुसत असल्यासारखं केलं. मला रागच आला होता. पण तो राग मला कुठे ठेवावा ते कळेना, आणि त्यात मानेमागे ठणकतही होतं, नेहमीसारखं.

डॉक्टरांनी मला पुन्हा बसवून माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग म्हणाले, ‘दाब खूप आहे. आता हे बघा, माणूस चिडलेला असला की वाढतो, आणि तुम्ही चिडलेल्या आहात. बाहेर जरा शांत बसा, मी पुन्हा घेतो. थोडा उतरला, आणि तुम्ही म्हणालात की याआधी कधी काही त्रास नव्हता, तर मी तसं लिहीन. तसं लिहिलं तर विमा बहुतेक मिळेल. आणि त्रास होता म्हणालात तर ते लिहीन. मग औषध सुरू करायचं, आणि विमा पुढे जाईल.’ त्यांनी पेन उचललं. ‘मी एकदा चुकलोय. तेव्हा तुम्हीच सांगा. काय होतंय?’

ते घर गेलं, हे मी आत्ताच सांगून टाकते. संध्याकाळी आजींना मीच फोन केला. त्यांना वाईट वाटलं, दुसऱ्या जोडप्याला आनंद झाला असणार, आणि मी न्हाणीघरातल्या त्या तड्यासाठीसुद्धा रडले. माझ्या रडण्याच्या ऐन मध्यावर घरमालक किल्ली फिरवून आत आला आणि छत्री घेऊन गेला.

पण त्या वेळी, त्या खोलीत, सगळं अजून माझ्या तोंडात होतं. दोनच शब्द म्हणायचे होते. ते दोन शब्द मी आयुष्यभर इतके म्हटले आहेत की झोपेतही म्हणू शकले असते, आणि बदल्यात मला एक दार मिळणार होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. याला आजारांचं सगळं काही येतं, कुठली कळ कुठे जाते, कुठल्या दुखण्यात माणूस कसा कण्हतो. पण आत्ता तो तपासायच्या खाटेवर नुसताच बसला होता, हात गुडघ्यांवर, तोंड थोडं उघडं, आणि त्याचे कान लाल झाले होते. घाबरलेला माझा नवरा मी पहिल्यांदाच बघत होते. त्याला ते अजिबात चांगलं जमत नव्हतं.

मी मांडीवरची पर्स खाली जमिनीवर ठेवली. ‘डोकं दुखतं,’ मी म्हणाले. ‘मागून. खूप दिवस झाले.’

‘आणखी?’ डॉक्टर म्हणाले.

मग मी सांगत गेले. धाप, पाय, डोळ्यांपुढचे ठिपके, रात्री छातीत होणारी धडधड, आणि त्यात सुरुवात झाली म्हणून घरमालकसुद्धा. बोलता बोलता मला स्पष्ट दिसत होतं की एकेका वाक्याबरोबर ते घर लांब चाललंय, तरीही मला थांबता येईना. साडेअकराची शिकवणी होऊन गेली. सासरे बाहेर जाऊन कुणाकडून तरी खुर्ची मागून घेऊन आले आणि बसले. नवऱ्याने माझी पर्स उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि डॉक्टरांनी दुसरा कागद घेतला.